मागाच्या शेडमधला रोबो: घरी, जुन्या यंत्रावर शिकलेल्या प्रोग्रॅमिंगचं एक प्रकरण

इचलकरंजीत मागाची शेड रिकामी पडली की तिचं काय करायचं, हा प्रश्न आता बऱ्याच घरांत आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला, त्यावर पुढं अख्खं शहर उभं राहिलं. आज साधे माग किलोच्या भावानं भंगारात जातात आणि शेडचं गोडाऊन होतं, नाहीतर ती पाडून वर मजले चढतात. ज्या शेडबद्दल हे लिहितोय तिथले माग असेच गेले. तिथं आता फॅनक या जपानी कंपनीचा एक लहान रोबो, म्हणजे कारखान्यात वापरतात तसला यांत्रिक हात, उभा आहे, आणि तो एका मेंटेनन्सवाल्यानं पदरचे पैसे घालून फक्त शिकण्यासाठी आणलाय.

हा गडी आय.टी.आय.चा इलेक्ट्रिशियन. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला. वडील आयुष्यभर जॉबर, म्हणजे माग लावणारे आणि दुरुस्त करणारे. गल्लीत त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मी कोल्हापुरात ऑटोमेशनची कामं करतो. जुन्या ओळखीमुळे या प्रकरणात सुरुवातीपासून गुंतलो, त्यामुळे जे घडलं ते जवळून पाहिलं.

त्याची अडचण अनेकांची आहे. कारखान्यात रोबो होते, पण मेंटेनन्सच्या माणसाला रिसेटच्या बटणापलीकडे हात लावायची मुभा नव्हती. पॉइंट, म्हणजे रोबोला शिकवलेली जागा, सरकला तर वेंडरचा इंजिनिअर येईपर्यंत लाइन थांबायची. रोबो सेलची, म्हणजे रोबो आणि त्याच्या भोवतीच्या कामाच्या जागेची, जबाबदारी हवी तर अनुभव दाखवा, आणि अनुभव हवा तर पेंडंट, म्हणजे रोबो चालवायचा आणि शिकवायचा हातातला पॅनेल, हातात पाहिजे, अशी ती कोंडी. क्लास त्याने एक केला. बॅचला एकच पेंडंट, वाट्याला आलेला वेळ थोडा. तोही चालू रोबोवर. बंद पडलेला रोबो क्लासमध्ये कुणी दाखवत नाही.

त्याने विकत घ्यायचं मनात आणलं तेव्हा माझी अट एकच होती: आधी सिम्युलेटर. फॅनकचं रोबोगाइड आणि एबीबीचं रोबोस्टुडिओ मुदतीपुरतं वापरून पाहता येतं, युनिव्हर्सल रोबोट्सचं यूआरसिम फुकट मिळतं. जॉइंट मूव्ह (सांधे सोयीनं फिरवत जाणं) आणि लिनिअर मूव्ह (सरळ रेषेत जाणं) यांतला फरक, टूल फ्रेम (हत्याराचं टोक कुठं आहे), यूजर फ्रेम (कामाची जागा कुठं आहे), रजिस्टर (आकडे ठेवायचे कप्पे), जंप आणि लेबल (प्रोग्रॅममध्ये उडी आणि ती जिथं जाते ती खूण), हे सगळं त्याने साध्या लॅपटॉपवर पक्कं केलं. ज्याला इथंच कंटाळा येतो त्याने पुढं पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. याला कंटाळा आला नाही. उलट स्क्रीनवर सगळं सुरळीत चालतं याचाच वैताग आला. "दादा, हितं काय बिघडतच न्हाई," हे त्याचं वाक्य.

खरेदी

भंगार बाजाराचा हिशोब सरळ दिसत नाही. मोठा रोबो बऱ्याचदा लहानापेक्षा स्वस्त सुटतो, कारण त्याला गिऱ्हाईक कमी आणि जागा जास्त. त्याच्यापुढे पहिल्यांदा आला तो कूकाचा दीडशे किलो उचलणारा हात, सोबत केआरसी-२ कॅबिनेट, म्हणजे त्याच्या कंट्रोलरची पेटी. भाव ऐकून तो हुरळला होता. पण हात एक टनाच्या वरचा, सप्लाय चारशे व्होल्टचा थ्री फेज, आणि कॅबिनेटच्या बुडाला सेफ्टीचा एक्स-११ प्लगच नव्हता. या जुन्या कॅबिनेटांतून तो प्लग हमखास गायब असतो. कारखाना सेल मोडताना वायरिंगसकट ओढून नेतो. तो प्लग जुळवल्याशिवाय मोटर फिरवणारे ड्राइव्ह चालूच होत नाहीत. दुसरा माल नुसता हात होता, त्याला चालवणारा कंट्रोलर नाही. असा हात म्हणजे शोभेची वस्तू. मोटर कुठं आहे ते मोजणारे एन्कोडर त्या त्या कंपनीच्या कंट्रोलरशीच बोलतात, बाहेरचा ड्राइव्ह जोडून तो हलवणं हा रोबो प्रोग्रॅमिंगपेक्षा वेगळा आणि फार मोठा उद्योग आहे.

तिसरा होता फॅनकचा एलआर मेट २००आयसी. सहा अ‍ॅक्सिस, म्हणजे फिरणारे सांधे, पाच किलो वजन उचलतो, पोच ७०४ मिलिमीटर, स्वतःचं वजन फक्त २७ किलो. सोबत आर-३०आयए मेट कंट्रोलर, पेंडंट आणि जोडणारी केबल. हा कंट्रोलर २०० ते २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालतो, आणि घरासाठी ही गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची. शेडला मागाचं थ्री फेज कनेक्शन अजून होतं, पण यंत्रमागाची वीज सवलतीच्या दरानं मिळते. तिच्यावर दुसरं यंत्र चालवणं योग्य नव्हे. आप्पांनीच ते आधी बजावलं. रोबो घरच्या मीटरवर चालणार हे तिथंच ठरलं.

माल पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडीत होता. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली भंगाराची गोदामं पाडली. ही खरेदी त्याच्या आधीची. व्यापाऱ्यानं रोबो चालू करून दाखवला तेव्हा पेंडंटवर सहाही अ‍ॅक्सिसला एसआरव्हीओ-०६२ हा बीझेडएएल अलार्म उभा होता. व्यापारी म्हणाला, सेल टाका, झालं काम.

अलार्मचा अर्थ असा. मोटरचा एन्कोडर, फॅनकच्या भाषेत पल्सकोडर, एका फेऱ्यातली जागा स्वतः ओळखतो, पण किती फेरे झाले हे लक्षात ठेवायला त्याला बॅटरी लागते. त्यासाठी रोबोच्या बुडाशी दीड व्होल्टचे सेल असतात. यंत्र गोदामात वीज न देता पडून राहिलं आणि सेल संपले की फेऱ्यांची मोजणी पुसली जाते. मग रोबोला आपला हात कुठं आहे हेच कळत नाही. ही बिघाडी नाही, पण ती दुरुस्त करायची रीत माहीत नसणाऱ्याच्या हाती तो रोबो निरुपयोगी. आम्ही चेहरे पाडून उभे राहिलो आणि भाव उतरला. दोन लाखांच्या थोडं आत व्यवहार झाला, जुनी बुलेट घ्यावी तसा.

सेल आम्ही सोबतच नेले होते. पण ते टाकण्याआधी, रिसेटला हात लावण्याआधी, मेमरी कार्डावर पूर्ण बॅकअप आणि कंट्रोलरची इमेज घेतली. कंट्रोलरच्या मेन बोर्डावर तीन व्होल्टची लिथियम बॅटरी असते, ती वेगळी; तिच्या जिवावर प्रोग्रॅम आणि मास्टरिंगचे, म्हणजे प्रत्येक सांध्याचं शून्य कुठं ते सांगणारे, आकडे टिकलेले असतात. तीही संपली असती तर भाव कितीही पडला असता तरी मी त्याला उठवून आणलं असतं. ती शाबूत होती, आणि याचा पुढं फार उपयोग झाला. बॅकअपनंतर सेल घातले, पल्सकोडरचा अलार्म काढला, वीज बंद-चालू केली आणि एकेक अ‍ॅक्सिस सावकाश फिरवून पाहिला. ब्रेक सुटल्याचा टक आवाज आला. पाचव्या अ‍ॅक्सिसला हलकी घरघर होती, ती मान्य केली. पेंडंटची प्रत्येक कळ दाबली. मागचा डेडमॅन स्विच, म्हणजे हातात धरलेला असेल तरच रोबो हलू देणारा, दोन्ही बाजूंनी तपासला, कारण पेंडंटच गेला तर नुसता तो बदलताना व्यवहाराचा मोठा भाग पुन्हा खर्च होतो. हातावरच्या आणि कंट्रोलरवरच्या पट्ट्यांवरून दोन्ही एकाच जोडीतले असल्याचंही पाहून घेतलं.

शेड, अर्थिंग आणि जाळी

रोबो बसवण्याचं काम आप्पांनी जवळजवळ हिसकावून घेतलं. माग लावणाऱ्या माणसाला फाउंडेशन शिकवायची गरज नसते. मागाच्या जुन्या बोल्टांवर जाड पोलादी प्लेट बसवून, पातळीत आणून, तिच्यावर रोबो कसला. यूट्यूबवर लोक हाच रोबो लाकडी टेबलावर ठेवलेला दाखवतात. कमी वेगाला ते चालतं, पण वेग वाढवला की हात थांबताना टेबल डोलतं आणि शिकवलेला पॉइंट चुकलाय असं वाटत राहतं.

अर्थिंगनं वेळ खाल्ला. शेडचा अर्थ पिट जुना, कोरडा. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मीटर लावला तर व्होल्टेज दिसत होतं. सर्व्हो अ‍ॅम्प्लिफायर आणि एन्कोडरच्या सिग्नलला असला अर्थ चालत नाही. कधीही येणारे आणि कधीही जाणारे अलार्म बहुतेक इथूनच जन्मतात. नवा पिट खणला, कोळसा-मीठ भरून पाणी दिलं, तांब्याची पट्टी थेट कंट्रोलरपर्यंत आणली. दुसरी भानगड व्होल्टेजची. रात्री आजूबाजूचे माग बंद झाले की घरात अडीचशेच्या पुढं आकडा जायचा. कंट्रोलरला २३०च्या वर दहा टक्के, म्हणजे २५३ पर्यंतच सोसतं. स्टॅबिलायझर बसवला. शिवाय एक नियम मी भिंतीवर लिहायला लावला: वीज बंद केल्यावर लगेच कॅबिनेट उघडायचं नाही. घरच्या सप्लायचा डीसी झाला की तो सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातो आणि कॅपॅसिटरमध्ये काही वेळ टिकून राहतो.

पाच किलोचा रोबो खेळण्यासारखा दिसतो, म्हणून लोक जाळी टाळतात. २०१५ साली मानेसरच्या एका कारखान्यात रोबोनं कामगाराचा जीव घेतला, तेव्हा तो माणूस सरकलेला पत्रा नीट करायला जवळ गेला होता. लहान रोबोही पूर्ण वेगात डोक्यात बसला तर तसाच. मागाचे राहिलेले अँगल कापून आप्पांनी कुंपण केलं, दाराला स्विच बसवला. टी-१, म्हणजे शिकवण्याच्या सावकाश मोडमध्ये वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही आणि डेडमॅन अर्धा दाबून धरावा लागतो. सोडला तरी थांबतो, घाबरून घट्ट आवळला तरी थांबतो. ऑटोला, म्हणजे रोबो आपोआप चालतो त्या मोडला, मात्र दार उघडताच थांबायला हवं.

इथं एक शिकण्यासारखी गोष्ट झाली. दाराला त्याने एकच कॉन्टॅक्ट असलेला साधा लिमिट स्विच लावला आणि कंट्रोलरच्या सेफ्टी टर्मिनलांपैकी एकाच जोडीचा जंपर, म्हणजे टर्मिनलं थेट जोडणारी तार, काढला. दार उघडलं, रोबो थांबला, पण नंतर जो अलार्म आला तो साध्या रिसेटनं जाईना. सेफ्टीच्या दोन साखळ्या असतात आणि कंट्रोलर त्यांची एकमेकींशी तुलना करतो. एक उघडली आणि दुसरी बंदच राहिली तर तो समजतो की वायर चिकटलीय किंवा स्विच जळलाय, आणि अडून बसतो. दोन कॉन्टॅक्टचा स्विच, दोन स्वतंत्र वायरी, दोन्ही जंपर बाहेर, तेव्हा सुटलं. कारखान्यात हाच अलार्म त्याने पूर्वी पाहिला होता आणि वेंडरला फोन केला होता. आता त्याचं कारण त्याला वायरीपर्यंत माहीत होतं.

मास्टरिंग

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग हा. चालू लाइनवर मास्टरिंग करायची वेळ क्वचित येते, आणि आली तर नवशिक्याच्या हाती कुणी देत नाही. घरी तेच पहिलं काम होतं.

पेंडंटवर मास्टर-कॅलचा मेनू दिसतच नव्हता. सिस्टिम व्हेरिएबलमध्ये मास्टर एनेबल एक केल्याशिवाय तो उघडत नाही. मुद्दामच लपवलेला आहे. तो उघडल्यावर त्याने झिरो पोझिशनची पद्धत घेतली. प्रत्येक सांध्यावर दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात, त्या समोरासमोर आणायच्या. सहाही जुळल्या की हाताचा वरचा दंड सरळ उभा आणि पुढचा आडवा राहतो. मग कंट्रोलरला सांगायचं की हेच शून्य.

खुणा जुळवताना आप्पा शेजारी उभे. त्यांनी विचारलं, "काय रं, एकच बटन दाबलंस, मग दोन सांदं कसं हललं?" प्रश्न बिनतोड होता. फॅनकमध्ये दुसरा अ‍ॅक्सिस हलवला की तिसऱ्याची मोटरही फिरते, कारण तिसऱ्याचा कोन जमिनीशी मोजला जातो. पुढचा दंड जमिनीशी आहे तोच कोन धरून ठेवतो. फॅनक वापरणाऱ्यांना याची सवय असते, म्हणून ते सांगायचं विसरतात. माग पाहत हयात घालवलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

शून्य दिलं, कॅलिब्रेट केलं, अलार्म गेले. काम झालं असं त्याला वाटलं. मी म्हटलं, तपासून बघ. ग्रिपरच्या जागी पेनची रिफिल बांधली. टेबलावर खिळ्याचं टोक वर करून ठेवलं. तीन वेगवेगळ्या दिशांनी रिफिलचं टोक त्याच खिळ्याला लावून टूल फ्रेम शिकवली, आणि मग टोक खिळ्यावर ठेवून टूलच्या भोवती हात फिरवला. सगळं बरोबर असेल तर हात कसाही वाकला तरी टोक जागचं हलत नाही. इथं ते खिळा सोडून काही मिलिमीटर भटकत होतं.

कारण गणितात आहे. खूण डोळ्यानं जुळवताना एक दशांश अंशाची चूक सहज होते. पोच ७०४ मिलिमीटर असेल तर एका सांध्यातली तेवढी चूक टोकाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाते. सहा सांध्यांच्या चुका एकमेकींत मिसळल्या की टोक भटकणारच. रोबोची पुनरावृत्ती मिलिमीटरच्या दोन शतांशांची, पण ती पुनरावृत्ती. शिकवलेल्या जागी तो तितक्या नेमकेपणानं परत येतो, ती जागा खरी कुठं आहे याची हमी त्यात नसते. हा फरक त्याने सिम्युलेटरवर वाचला होता. खिळ्यापाशी तो त्याला दिसला.

आता टिकलेल्या लिथियम बॅटरीचा उपयोग झाला. कंट्रोलरमध्ये क्विक मास्टरिंगचे संदर्भ आकडे कारखान्यातून आले तसे शाबूत होते. पल्सकोडरनं फेऱ्यांची मोजणी हरवली असली तरी एका फेऱ्यातली जागा त्याला अजून बरोबर कळत होती. म्हणजे हात खुणांजवळ, मोटरच्या अर्ध्या फेऱ्याच्या आत आणून ठेवला, की उरलेलं गणित कंट्रोलर जुन्या आकड्यांवरून करतो आणि डोळ्याची चूक बाहेर पडते. मोटर किंवा गिअर बदललेला असता तर हे चाललं नसतं; इथं काही बदललेलं नव्हतं. क्विक मास्टर, कॅलिब्रेट, टूल फ्रेम नव्याने. रिफिलचं टोक खिळ्यावर जवळजवळ स्थिर राहिलं. त्याने नवा बॅकअप घेतला आणि सेलच्या झाकणावर मार्करनं तारीख टाकली. पुढचे सेल वीज चालू ठेवून बदलायचे. बंद करून बदलले तर पुन्हा हेच सगळं.

नंतरचं प्रोग्रॅमिंग त्या मानानं भराभर गेलं. कामाला माल घरातच होता. मागाच्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या पोत्यानं पडल्या होत्या. ट्रेमधून कांडी उचलून खाचांच्या फळीवर ओळीनं लावायची, रजिस्टरनं ओळ आणि रकाना मोजायचा, ऑफसेटनं जागा काढायची. एकच पॉइंट शिकवून पूर्ण फळी भरते हे बघून आप्पांनी कांडी भरणाऱ्या शेजारणींना बोलावून आणलं. सरळ रेषेत नेताना मनगट ताठ झालं की एमओटीएन-०२३, सिंग्युलॅरिटीचा, म्हणजे सांधे एका रेषेत येऊन हात अडल्याचा, अलार्म यायचा. पाचवा अ‍ॅक्सिस शून्याजवळ जाऊ नये म्हणून त्याने फळीच तिरकी केली. फाइन (पॉइंटवर नेमकं थांबणं) आणि सीएनटी (न थांबता पुढं वळणं) यांतला फरक कांड्यांनीच शिकवला. वाटेतल्या पॉइंटना सीएनटी शंभर दिलं की चाल गुळगुळीत होते आणि वेळ वाचतो, पण कोपरा कापला जातो, आणि कापलेल्या कोपऱ्यात शेजारची कांडी असेल तर ती उडते.

पीएलसी

लोक विचारतात, सगळ्यात कामाचा खर्च कुठला झाला. माझं उत्तर रोबो नाही. डेल्टाचा डीव्हीपी-१४एसएस२ हा लहानसा जुना पीएलसी, म्हणजे यंत्रांना क्रमानं हुकूम देणारा औद्योगिक संगणक, आठ इनपुट, सहा आउटपुट, सॉफ्टवेअर फुकट. रोबोच्या तुलनेत तो कवडीमोलच म्हणायचा. पण पेंडंटवरून चालणारा रोबो आणि लाइनवर चालणारा रोबो यांच्यातलं अंतर त्यानं भरून काढलं. कारखान्यात पेंडंट खुंटीला टांगलेला असतो. रोबोला काय करायचं ते पीएलसी सांगतो.

फॅनकमध्ये बाहेरून चालवण्याचे ठराविक सिग्नल असतात, यूओपी नावाचे. त्यातले पहिले तीन, तातडीची थांब, होल्ड आणि सेफ स्पीड, नेहमी चालू असावे लागतात. वायर तुटली की सिग्नल जातो आणि रोबो थांबतो, अशी उलटी रचना. हे बाहेरून येणारे यूआय सिग्नल एनेबल करताच रोबो मुका झाला, कारण हे तीन सिग्नल अजून जोडलेच नव्हते. ते जोडले, आठवा एनेबल जोडला, मोड ऑटो केला, पेंडंट बंद केला, सेटिंग रिमोटवर आणलं, तेव्हा कुठं पीएलसीच्या इशाऱ्यावर आरएसआर, म्हणजे बाहेरच्या सिग्नलनं सुरू होणारा, प्रोग्रॅम सुटला. या सगळ्या अटींपैकी एक राहिली तरी रोबो ढिम्म, आणि नेमकी कुठली राहिली ते शोधणं हेच मेंटेनन्सवाल्याचं काम.

मग हँडशेक, म्हणजे पीएलसी आणि रोबोनं एकमेकांना खूण देत काम करणं. पीएलसी म्हणतो माल तयार आहे, रोबो म्हणतो मी आत शिरलोय, ती खूण जाईपर्यंत पीएलसीनं माल धरणारा क्लॅम्प हलवायचा नाही. कागदावर हे सोपं आहे. इचलकरंजीत वीज जाते, आणि रोबो कांडी धरून अर्ध्या वाटेत असताना जाते. ब्रेक लागतात, हात अधांतरी थांबतो. वीज आल्यावर रोबोला कळलं पाहिजे की हातात कांडी आहे का, तो क्लॅम्पच्या आत आहे की बाहेर, आणि घरी, म्हणजे ठरलेल्या मूळ जागी, परतायचं तर कुठल्या वाटेनं. हॉट स्टार्ट (वीज गेली तेव्हाच्या स्थितीतून पुन्हा सुरू होणं) चालू ठेवला असता तर थोडं सोपं गेलं असतं. त्याने तो मुद्दाम बंद ठेवला. कांडी धरलीय का ते कळायला ग्रिपरवर रीड स्विच बसवला. सध्याची जागा वाचून, कुठल्या पट्ट्यात आहोत ते ओळखून, आधी सरळ वर आणि मग मागं येणारा होम प्रोग्रॅम लिहिला. कुठूनही सुरक्षित घरी येणारा प्रोग्रॅम ज्याला लिहिता येतो त्याला मी प्रोग्रॅमर मानतो. कांड्या उचलणं कुणालाही जमतं.

रोबो सेल उभारून देणाऱ्या पुण्यातल्या एका इंटिग्रेटरकडे तो मुलाखतीला गेला तेव्हा समोर एबीबीचा रोबो होता. जॉयस्टिकचा पेंडंट, रॅपिड भाषा, सगळं वेगळं. त्याने आधी सांध्यांवरच्या खुणा शोधल्या, मग टूल आणि वर्क ऑब्जेक्ट कुठले लागलेत ते विचारलं, मग घरी यायचा प्रोग्रॅम आहे का हे विचारलं. घरी नडलेले प्रश्न त्याने तिथंही त्याच क्रमानं विचारले. नोकरी मिळत होती. पगार आणि पुण्याचं घरभाडं यांचा मेळ बसेना म्हणून त्याने घेतली नाही. पण ती ऑफर दाखवल्यावर कागलच्या कारखान्यानं त्याला रोबो सेलवर घेतलं.

हे प्रकरण ऐकून जुना रोबो घ्यायला निघालेले दोघे-तिघे माझ्याकडे आले. एकाला मी परत पाठवलं, कारण त्याला मल्टीमीटर धरता येत नव्हता आणि घरचं अर्थिंग कुठं आहे हे माहीत नव्हतं. ज्याला फक्त प्रोग्रॅम लिहायचेत त्याने सिम्युलेटर आणि एक पीएलसी एवढ्यावर थांबावं. जुना रोबो कामाचा आहे तो दुरुस्तीकडून प्रोग्रॅमिंगकडे येणाऱ्याला. आणि कंट्रोलरमध्ये कुठले पर्याय चालू आहेत ते घेण्याआधी पाहावं. या गड्याच्या कंट्रोलरवर साध्या मजकुरात लिहिलेला प्रोग्रॅम चढवण्याचा पर्याय नव्हता. लॅपटॉपवर लिहून कार्डावरून टाकायचा बेत तिथंच मोडला आणि सगळं पेंडंटवर टाइप करावं लागलं. पर्याय त्या त्या कंट्रोलरला बांधलेले असतात, दुसऱ्याचा आणून चालत नाही.

त्याच्या शेडमध्ये काही गोष्टी शिकता येणार नाहीत, हेही आता दिसतंय. कारखान्यातल्या सेलवरचे रोबो पीएलसीशी सिग्नलागणिक वेगळ्या वायरीनं बोलत नाहीत, प्रोफिनेट या नेटवर्कवर बोलतात. त्याच्या कंट्रोलरवर फील्डबसचा, म्हणजे अशा नेटवर्कचा, पर्याय नाही. कॅमेराही नाही. पाचव्या अ‍ॅक्सिसची घरघर वाढलीय आणि गिअर उघडायचा तर पुन्हा मास्टरिंग, यावेळी जुन्या आकड्यांचा आधार नसलेलं. गिअरचं काम तो पावसाळ्यानंतर घरी करणार आहे. प्रोफिनेटसाठी त्याने दिवाळीच्या शटडाउनमध्ये वेंडरच्या इंजिनिअरसोबत बसू द्यावं असा अर्ज कारखान्यात दिलाय, तो मंजूर झालाय.